लेकॉक : जुन्या गांवांतील चालता संसार

इंग्रजी कादंबऱ्या वाचून इंग्लंडांतील खेड्याचें एक चित्र पुष्कळांच्या मनांत तयार झालेलें असतें. दगडी भिंतींचीं ठेंगणीं घरें, देवळाचा उंच मनोरा, ओढ्यावरचा लहानसा पूल, आणि गांव संपतांच सुरू होणारीं हिरवीं कुरणें. असें गांव खरोखर कोठें आहे काय, आणि असल्यास त्यांत माणसें राहतात कीं नुसतीं पाहावयास येतात, असा प्रश्न त्या चित्रापाठोपाठ सहजच उभा राहतो. विल्टशर परगण्यांतील लेकॉक हें गांव या प्रश्नाचें उत्तर आहे. तें शेंकडों वर्षांचें जुनें आहे, आणि त्यांत माणसें राहतात. परंतु तीं कोणत्या अटींवर राहतात, हें समजून घेणें त्या गांवाच्या देखणेपणाहून अधिक महत्त्वाचें आहे.

लंडनच्या पश्चिमेस सुमारें शंभर मैलांवर, ॲव्हन नदीच्या कांठीं लेकॉक वसलें आहे. इंग्लंडांत ॲव्हन नांवाच्या नद्या अनेक. शेक्सपीयरच्या जन्मगांवावरून वाहणारी निराळी, आणि बाथ व ब्रिस्टल या शहरांकडे जाणारी ही निराळी. हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट असे चार रस्ते एकमेकांस मिळून गांवाचा चौकोन पुरा करतात, आणि सावकाश चालणारा माणूसहि पाव तासांत त्याची प्रदक्षिणा आटोपतो. या चार रस्त्यांवर घरें बांधण्याच्या पांचसहाशें वर्षांतील बहुतेक पद्धती पाहावयास मिळतात. कांहीं घरें लांकडी चौकटींत भरणी केलेलीं, वरचा मजला रस्त्यावर झुकलेला; कांहीं सबंध दगडाचीं; कांहीं अठराव्या शतकांतील लाल विटांचीं. छपरांवर दगडाच्याच चिपा आहेत, आणि त्यांच्या भारानें कित्येक आढीं मधोमध लवलेलीं आहेत.

ईस्ट स्ट्रीटच्या तोंडाशीं चौदाव्या शतकांतील एक प्रचंड कोठार आहे. शेतकऱ्यानें पिकाचा दहावा हिस्सा धर्मपीठाला द्यावयाचा असे. तें धान्य येथें सांठविलें जाई. त्याला लागूनच ‘आंधळें घर’ म्हणून ओळखली जाणारी एक खोली आहे. तिला खिडकी नाहीं म्हणून हें नांव. गांवांत दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला रात्रभर येथें कोंडून ठेवीत. वेस्ट स्ट्रीटवरील जॉर्ज नांवाच्या खाणावळींत चुलीशेजारीं एक लांकडी चाक अजून दाखवितात. त्या चाकांत कुत्र्याला पळवीत, आणि त्याच्या पळण्यानें विस्तवावरील मांसाची सळई फिरत राही. चर्च स्ट्रीटच्या पलीकडे ओढ्याचा उतार आहे. गाड्या पाण्यांतून जातात, आणि पायीं जाणाऱ्यासाठीं शेजारीं दगडी पूल आहे.

गांवाची कुळकथा एका विधवेपासून सुरू होते. सॅलिसबरीची सरदारीण एला हिनें पतीच्या निधनानंतर १२३२ सालीं येथें जोगिणींच्या मठाचा पाया घातला, आणि पुढें ती स्वतःच त्या मठाची अधिष्ठात्री झाली. मठाच्या आश्रयानें गांवांत बाजार भरूं लागला. त्या काळीं इंग्लंडची संपत्ति मेंढीच्या पाठीवर होती. परिसरांतील लोकर, ती कांतणारीं व विणणारीं माणसें, आणि व्यापारासाठीं उपयोगी पडणारी नदी यांमुळें लेकॉक भरभराटलें. हाय स्ट्रीट एवढा रुंद कां, याचें कारण त्या जुन्या बाजारांत आहे.

आठव्या हेन्रीनें देशांतील मठ खालसा केले, त्यांत १५३९ सालीं लेकॉकचा मठहि बंद पडला. सर विल्यम शॅरिंग्टन या धनिकानें तो विकत घेऊन मठाचें देवालय पाडलें, पण जोगिणींच्या ओवऱ्या व दालनें तशींच ठेवून वर आपला वाडा बांधला. त्याची पुतणी टॉल्बट घराण्यांत दिलेली होती. तिच्याकडून वाडा आणि गांव त्या घराण्याकडे आले, आणि विसाव्या शतकापर्यंत तेथेंच राहिले.

गांव जुनें कसें राहिलें, याचें मर्म येथें आहे. तें कोणी हौसेनें जुनें ठेविलें नव्हतें. लोकरीचा धंदा यंत्रांच्या मागें निघून गेला. लंडनहून ब्रिस्टलकडे जाणारा लोहमार्ग १८४१ सालीं पुरा झाला तो तीन मैलांवरील चिपनमवरून, आणि कारखाने व नवी वस्ती तिकडे वाढली. लेकॉकमध्यें नवीं घरें बांधण्याइतका पैसा आला नाहीं. शिवाय सारी जमीन एकाच घराण्याची, त्यामुळें तुकडे पाडून विकण्याचाहि प्रश्न आला नाहीं. आज ज्या रूपाचें कौतुक होतें, तें मुख्यतः दीर्घ काळच्या मंदीनें व एकाच मालकीनें राखलेलें आहे.

या निवांत गांवांतून एक असा शोध मात्र निघाला कीं ज्यानें जगाची दृष्टि पालटली. वाड्याचा धनी विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट यानें १८३५ च्या ऑगस्ट महिन्यांत आपल्या दालनाच्या जाळीदार खिडकीची छाया रासायनिक कागदावर उतरविली. पोस्टाच्या तिकिटाहून फारशी मोठी नसलेली ती उलटी प्रतिमा आजवर टिकलेली सर्वांत जुनी छायाचित्रीय ‘निगेटिव्ह’ होय. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढण्याची युक्ति त्याच्याच प्रयोगांतून पुढें आली. हें शास्त्र मुंबईस पोहोंचावयास फार दिवस लागले नाहींत. १८५४ सालीं तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. टॉल्बटनें घेतलेल्या चित्रांत राजवाडे नाहींत. गवताची गंजी, भिंतीला टेकलेली शिडी, उघड्या दारापाशीं ठेवलेला झाडू हे त्याचे विषय. लेकॉकच्या नित्याच्या जीवनाची नोंद अशी त्या कलेच्या आरंभापासूनच झालेली आहे.

यानंतरचा महत्त्वाचा प्रसंग दुसऱ्या महायुद्धांतला. आणि त्याचा अर्थ कळावा म्हणून त्याच परगण्यांतील दुसऱ्या एका गांवाची हकीकत प्रथम सांगावयास हवी. लेकॉकच्या दक्षिणेस सॅलिसबरीच्या विस्तीर्ण माळरानावर इंबर नांवाचें खेडें होतें. तेंहि शेंकडों वर्षांचें. सैन्याच्या कवायतीसाठीं युद्धखात्यानें आसपासची जमीन आणि गांवांतील जवळजवळ सर्व घरें युद्धापूर्वींच विकत घेतलेलीं होतीं, आणि गांवकरी आपल्याच घरांत युद्धखात्याचे भाडेकरू म्हणून राहत होते. १९४३ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस त्यांना शाळेंत बोलावून सांगण्यांत आलें कीं, अमेरिकन सैनिकांना रस्त्यांवरील लढाईचा सराव करावयाचा आहे, तरी सत्तेचाळीस दिवसांत गांव खालीं करावें. १७ डिसेंबरपर्यंत सारें गांव निघून गेलें. युद्ध संपल्यावर परत येऊं, अशी त्यांची समजूत होती. ती वेळ कधींच आली नाहीं. १९६१ सालीं लोकांनीं मोठा मोर्चा नेला, सरकारी चौकशीहि झाली, पण निकाल सैन्याच्या बाजूनें लागला. आज तेथें देऊळ उभें आहे, आणि वर्षांतून ठराविक थोड्या दिवशीं तें उघडतें. बाकी घरांचे सांगाडे.

इंबर उठलें त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९४४ सालीं, लेकॉकच्या मालकीणबाई मॅटिल्डा टॉल्बट यांनीं आपला वाडा आणि गांव नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दान केला. बाई अविवाहित होत्या. मामाकडून १९१६ सालीं त्यांच्याकडे हा वारसा आला होता, आणि मोठ्या वतनांवर बसणाऱ्या मृत्युकरामुळें देशांतील जुनीं घराणीं आपलीं घरें व गांवें तुकड्यातुकड्यांनीं विकीत असल्याचें त्या पाहत होत्या. लेकॉकचे तसे तुकडे होऊं नयेत, ही त्यांची इच्छा होती. मठांत जपून ठेवलेली मॅग्ना कार्टा या सनदेची १२२५ सालची प्रतहि त्यांनीं राष्ट्राला अर्पण केली. दोन्ही गांवांचा धनी एकच एक होता, दोन्ही गांवांतले लोक भाडेकरूच होते. भाडेकरूच्या हातीं निर्णय कोठेंच नव्हता. एका धन्यानें गांव रिकामें केलें, दुसऱ्यानें तें वसतें ठेवलें, एवढाच काय तो फरक. पण त्या फरकांत एका गांवाचें अस्तित्व सामावलेलें होतें.

नॅशनल ट्रस्ट ही सरकारी संस्था नव्हे. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली या तिघांनीं १८९५ सालीं ती स्थापन केली. तिचें खरें बळ १९०७ च्या कायद्यांत आहे. ट्रस्टनें एखादी मिळकत ‘अविक्रेय’ म्हणून जाहीर केली, कीं ती पुढें ट्रस्टलाहि विकतां येत नाहीं, आणि पार्लमेंटच्या संमतीवांचून सरकारलाहि ती सक्तीनें घेतां येत नाहीं. महाराष्ट्रांतील देवस्थानाच्या इनाम जमिनी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या कल्पनेची ओळख चटकन् पटेल : धनी आहे, पण विकावयास मोकळा नाहीं.

लेकॉकमधील बहुतेक सर्व घरें अशा रीतीनें आज ट्रस्टचीं आहेत, आणि कुटुंबें तेथें भाड्यानें राहतात. जुन्या घरांत राहणें म्हणजे काय, हें वाटसरूला बाहेरून दिसत नाहीं. भिंती हातभर जाड असतात. उन्हाळ्यांत त्या सुखाच्या, पण थंडींत ओल धरणाऱ्या. पायांत ओल अडविणारा थर नाहीं, कारण भिंत बांधली त्या वेळीं ती पद्धतच नव्हती. अशा भिंतीची डागडुजी चुन्यानेंच करावी लागते. चुन्याच्या सांध्यांतून भिंतींतली ओल बाहेर निघून जाते. तेथें सिमेंट भरलें तर ती आंत कोंडते, आणि दगड फुटूं लागतो. मुंबई-पुण्यांतील जुने वाडे दुरुस्त करणाऱ्यांनाहि हा अनुभव आलेला आहे. दारें ठेंगणीं, जिने चिंचोळे, जमिनी उंचसखल. नव्या कपाटाला सरळ भिंत मिळणें कठीण. खिडकी बदलावयाची झाली तर घरमालकाची अनुमति हवी, आणि त्याखेरीज संरक्षित इमारतींच्या कायद्याप्रमाणें सरकारी परवानगीहि हवी. ती न घेतां बदल करणें हा इंग्लंडांत फौजदारी गुन्हा आहे. विजेच्या तारा व दूरदर्शनाच्या काठ्या रस्त्यावरून दिसूं नयेत, अशी या गांवांत व्यवस्था केलेली आहे.

मग लोक येथें कां राहतात? याचें उत्तर घरांच्या देखणेपणांत थोडें, आणि घराबाहेर पायीं जातां येण्याजोग्या गोष्टींत अधिक आहे. गांवांत मुलांची प्राथमिक शाळा आहे, देऊळ आहे, खाणावळी आहेत, दुकानें आहेत. चिपनम आणि मेल्कशॅम हीं दोन लहान शहरें दोन बाजूंस तीनचार मैलांवर आहेत; डॉक्टर, मोठा बाजार, माध्यमिक शाळा यांसाठीं तेथें जावें लागतें. चिपनमला आगगाडी मिळाली कीं सव्वा तासाच्या आसपास लंडन गांठतां येतें, आणि बाथ तर अगदींच जवळ. आधुनिक शहर हांकेच्या अंतरावर आहे, पण गांवाच्या वेशींत शिरलेलें नाहीं. राहण्याच्या दृष्टीनें याहून सोयीची जागा कोणती?

दुसरें सुख रानाचें. शेवटचें घर संपतें तेथें कुरण सुरू होतें, आणि त्या कुरणांतून पायवाट जाते. इंग्लंडांतील या पायवाटांची गोष्ट परक्यास नवल वाटावी अशी आहे. जमीन शेतकऱ्याची, तिच्यावर गुरें त्याचीं, पण तिच्यांतून जाणारी वाट सर्वांची. पिढ्यान्पिढ्या लोक जेथून देवळाला, गिरणीला, शेजारच्या वाडीला जात आले, तेथून जाण्याचा त्यांचा हक्क कायद्यानें मानलेला आहे. १९४९ च्या कायद्यानें प्रत्येक परगण्यानें अशा वाटांचे नकाशे करावे, असें ठरलें. आणि नकाशावर चढलेली वाट जमिनीच्या मालकाला आपल्या मर्जीनें बुजवितां येत नाहीं. लेकॉकहून ओलांडा-पायऱ्यांवरून चढत उतरत, ॲव्हनच्या कांठानें शेजारच्या रेब्रिज या वाडीला पायीं जातां येतें. जातांना फाटक उघडलें तर मागें लावून घ्यावें, एवढा शिष्टाचार पाळला म्हणजे झालें. ज्याच्या मालकीची वीतभर जमीन नाहीं, असा भाडेकरूहि या हक्कानें सबंध रानाचा उपभोग घेतो.

परंतु सुंदर गांवांत राहण्याची किंमत सौंदर्यामुळेंच द्यावी लागते. १९९५ सालीं बी.बी.सी.नें जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीचें चित्रण येथें केलें. पुढें २००१ च्या पहिल्या हॅरी पॉटर चित्रपटांत मठाच्या ओवऱ्या झळकल्या. तेव्हांपासून उन्हाळ्यांत प्रवाशांची रीघ लागते. घर रस्त्याला अगदीं लागून, खिडकी हाताच्या उंचीवर. आंत भाजी चिरणाऱ्या गृहिणीला, येथें कोणी राहत असेल हें ज्याच्या गांवींहि नाहीं असा एखादा चेहरा कांचेला टेकलेला दिसावयाचा. प्रवाशांमुळें दुकानें चालतात, ट्रस्टला दुरुस्तीसाठीं पैसा मिळतो, हें खरें. पण त्याच प्रवाशांच्या सोयीचीं दुकानें वाढलीं कीं गांवकऱ्यांच्या रोजच्या गरजेच्या दुकानांना जागा उरत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

देवळासमोरहि असाच पेंच पडला होता. लेकॉकच्या देवळाकडे पंधराव्या शतकांतला रुप्याचा एक सुंदर चषक होता. मुळांत कोणा श्रीमंताच्या मेजवानीसाठीं घडविलेला तो चषक शेंकडों वर्षें धार्मिक विधींत वापरला गेला. एवढी मोलाची वस्तु खेड्यांतल्या देवळांत ठेवणें अवघड म्हणून ती ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन होती. अखेर २०१३ सालीं देवळानें ती ब्रिटिश म्युझियम आणि विल्टशर म्युझियम यांना मिळून तेरा लाख पौंडांस विकली. ठेवा विकूं नये, असें म्हणणारे होते. आणि इमारत गळत असतांना पाहतांहि न येणारा ठेवा काय कामाचा, असें म्हणणारेहि होते. दोघांच्याहि मनांत गांवाबद्दल आस्थाच होती. देवळाला पैसा मिळाला, आणि विधींसाठीं चषकाची प्रतिकृति.

या साऱ्या अडचणी मान्य केल्या, तरी लेकॉकचे भाडेकरू ज्या संकटापासून बचावले त्याचें स्वरूप शेजारपाजारच्या देखण्या गांवांकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें. जेथें प्रत्येक घर निराळ्या धन्याचें आहे आणि बाजारांत विकतां येतें, तेथें तें अधिक पैसा देणाऱ्याकडे जातें. शहरांतील सधन लोक शनिवार-रविवारीं येण्यासाठीं अशीं घरें घेतात. भिंती रंगविल्या जातात, कुंड्यांत फुलें लागतात, पण सोमवार उजाडला कीं खिडक्या काळोख्या. मुलें नाहींत म्हणून शाळा बंद, गिऱ्हाईक नाहीं म्हणून दुकान बंद, उतारू नाहींत म्हणून बस बंद. आणि गांवांत जन्मलेल्या तरुणाला लग्नानंतर त्याच गांवांत घर घेणें परवडत नाहीं. समुद्रकांठच्या सेंट आइव्ह्‌ज या गांवानें तर २०१६ सालीं मतदान घेऊन ठरविलें कीं, नवीं घरें कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत. २०२३ च्या कायद्यानें अशा दुसऱ्या घरांवर स्थानिक कर दुप्पट करण्याचा अधिकारहि इंग्लंडांतील नगरसंस्थांना मिळाला आहे. इंबर सैन्यानें एका हुकुमानें रिकामें केलें. हीं गांवें पैशानें हळूहळू रिकामीं होतात, इतकेंच.

लेकॉकच्या व्यवस्थेंतहि खोट आहेच. येथें पन्नास वर्षें राहिलेला माणूस आपल्या मुलाला घर ठेवून जाऊं शकत नाहीं. भाडें किती असावें, रिकामें झालेलें घर कोणाला द्यावें, हें त्याच्या हातीं नसतें. ट्रस्टनें प्रवाशांकडे अधिक पाहिलें आणि कुटुंबांकडे कमी, तर चारहि रस्ते आहेत तसेच उभे राहतील, आणि तरीहि गांव गेलेलें असेल. म्हणून जुन्या गांवाच्या रक्षणाचा विचार करतांना छपरावरच्या चिपा मोजून भागत नाहीं. शाळेच्या पटावर किती मुलें आहेत, हेंहि मोजावें लागतें.

संध्याकाळीं प्रवाशांच्या गाड्या निघून जातात. तारा व खांब नसलेल्या त्या रस्त्यावर कांहीं वेळ कोणीच दिसत नाहीं, आणि क्षणभर सारें गांव चित्रासारखें निश्चल वाटतें. मग चर्च स्ट्रीटवरच्या एका ठेंगण्या घरांत दिवा लागतो, धुराड्यांतून धूर निघतो, आंतून कोणी जेवावयास हांक मारतें. बाजूच्या घरांतहि दिवा लागतो. इंबरमध्यें १९४३ च्या डिसेंबरापासून हा दिवा लागलेला नाहीं. लेकॉकमध्यें तो आज लागतो, आणि तो लागत राहावा एवढ्याचसाठीं चुना, कायदा, पायवाटा आणि ट्रस्ट यांचा हा सारा खटाटोप आहे.